डबल डोअर फ्रीज घेताना: वीज किती खाईल, किती वर्षं टिकेल? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एसी उन्हाळ्यात दोन-तीन महिने चालतो, गीझर सकाळी अर्धा तास. फ्रीज मात्र वर्षाचे ८,७६० तास प्लगला लावलेला असतो. तरीही दुकानात गेल्यावर आपण आधी रंग बघतो, मग दार उघडून अंड्यांचा कप्पा बघतो आणि स्टारच्या पट्टीवर शेवटी कधीतरी नजर टाकतो. खालचे प्रश्न फ्रीज घ्यायला निघालेली मंडळी नेहमी विचारतात तेच आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण मेख तिथेच आहे.

पाच स्टार म्हणजे सगळ्यात कमी वीज, बरोबर ना?

तसं नाही. त्याच प्रकारच्या आणि साधारण त्याच आकाराच्या इतर फ्रीजच्या तुलनेत हा फ्रीज कुठे बसतो, एवढंच स्टार सांगतात. बर्फ साचणारे साधे फ्रीज, म्हणजे डायरेक्ट कूल, आणि बर्फ न साचणारे फ्रॉस्ट फ्री यांची कोष्टकं वेगळी आहेत. शिवाय फ्रीज जितका मोठा, तितकी त्याला जास्त युनिटची मुभा असते, आणि त्यात फ्रीजरचा लिटर खालच्या कप्प्यातल्या लिटरपेक्षा जड धरला जातो. त्यामुळे पाचशे-सहाशे लिटरचा तीन स्टारवाला साइड-बाय-साइड फ्रीज १९० लिटरच्या दोन स्टारवाल्या सिंगल डोअरपेक्षा कितीतरी जास्त वीज घेतो, आणि तरी दुकानात एक स्टार जास्त मिरवतो.

म्हणून स्टार मोजण्याआधी लेबलवरचा दुसरा आकडा वाचा: वर्षाला किती युनिट. दोन फ्रीजची खरी तुलना त्या आकड्यानेच होते.

लेबलवर आणखी काय बघायचं?

लेबलचा कालावधी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, ही स्टारची योजना २००६ साली सुरू केली आणि फ्रॉस्ट फ्री फ्रीजना ती २०१० पासून सक्तीची झाली. तेव्हापासून दर काही वर्षांनी कसोटी कडक होत आली आहे. जानेवारी २०२३ मध्ये असाच एक मोठा बदल झाला. कसोटी कडक झाली की कालचा पाच स्टारवाला फ्रीज आज चार किंवा तीन स्टारचा ठरतो. यंत्र तेच, वीज तेवढीच, फक्त पट्टी बदललेली.

दिवाळीनंतर आणि वर्षाअखेरीला जुना माल काढायची घाई असते, तेव्हा हे नीट बघावं. जुन्या कालावधीचं लेबल असलेला फ्रीज वाईट असतो असं नाही. युनिटचा आकडा चांगला असेल आणि किंमत खरंच उतरली असेल तर खुशाल घ्या. फक्त त्यावरचे पाच स्टार शेजारच्या नव्या लेबलच्या पाच स्टारशी जोडू नका. मॉडेल क्रमांक टाकून लेबल खरं आहे का, हे बीईईच्या मोबाइल ॲपवर तपासता येतं.

लेबलवर २०० युनिट लिहिलेत, म्हणजे माझ्या घरीही २००च लागतील?

बहुधा थोडे जास्त लागतील. चाचणी प्रयोगशाळेत होते. खोलीचं तापमान ठरलेलं असतं आणि दार कुणी उघडत नाही. आपल्याकडे शाळेतून आलेली पोरं दार उघडून उभी राहतात, वाफाळती आमटी तशीच आत जाते, आणि फ्रीज स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून गॅसच्या शेगडीशेजारी उभा असतो. अशा जागी तोच फ्रीज सहज जास्त वीज ओढतो. त्या आकड्याचा उपयोग दोन मॉडेल समोरासमोर ठेवण्यासाठी करावा.

जास्त स्टारसाठी जास्त पैसे मोजावेत का? हिशेब कसा करायचा?

कागद-पेन घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. समजा, २५० लिटरच्या आसपासचे दोन फ्रीज समोर आहेत. एकाच्या लेबलवर वर्षाला २३५ युनिट, दुसऱ्याच्या १८५. फरक ५० युनिटचा. आता तुमचं वीजबिल काढा.

इथे बरेच जण चुकतात. एकूण बिलाला एकूण युनिटने भागून निघतो तो सरासरी दर धरला जातो. पण महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याचे आहेत: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग. वाचलेले युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतात. म्हणजे महिन्याला २८० युनिट जाळणाऱ्या घराने १०१ ते ३०० च्या टप्प्याचा दर धरायचा. त्यात प्रति युनिट वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचा आकार) मिळवायचा आणि वर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार सोडून द्या. तो फ्रीज कोणताही घेतला तरी भरावाच लागतो. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाचं कनेक्शन असेल तर त्यांचे टप्पे आणि दर बिलावर छापलेले असतात.

समजा हा सगळा दर युनिटला १२ रुपये निघाला. ५० युनिटचे वर्षाला ६०० रुपये. दोन फ्रीजच्या किमतीतला फरक २,५०० असेल तर चार-सव्वाचार वर्षांत वसूल. फ्रीज दहा वर्षं चालणार असेल तर सौदा चांगला आहे.

आता तिसरा फ्रीज बघा. पाच स्टार, १४५ युनिट, पण पहिल्यापेक्षा ९,००० रुपयांनी महाग. ९० युनिट वाचले, म्हणजे वर्षाला १,०८० रुपये. वसूल व्हायला आठ वर्षांच्या वर. त्यातच तुमचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत असेल तर दर कमी, आणि वसुली आणखी लांबते. म्हणून दोघांच्या छोट्या घरात तीन स्टार पुरतो आणि एसी, गीझर, पंप असं सगळं चालणाऱ्या घरात पाच स्टार परवडतो, असं माझं सरळ मत आहे. सगळ्यांना पाच स्टारच घ्या म्हणणारा विक्रेता तुमचं बिल बघून बोलत नसतो.

सिंगल डोअर घ्यावा की डबल डोअर?

विजेचा विचार केला तर सिंगल डोअर डायरेक्ट कूल साधा आणि काटकसरी. त्यात पंखा नाही, बर्फ वितळवणारा हीटर नाही. बिघडण्यासारखे भागही कमी. डबल डोअर फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंड हवा पंख्याने खेळवली जाते आणि ठरावीक वेळाने हीटर चालू होऊन कॉइलवरचा बर्फ वितळवतो. त्या सोयीला वीज लागते.

पण मटार, खोबरं, मासे, वाटणाचे गोळे, आठवड्याच्या भाज्या असं सगळं साठवणाऱ्या घराला सिंगल डोअरचा फ्रीजर पुरत नाही. तिथे बर्फाच्या थराशी झगडत बसण्यापेक्षा डबल डोअर बरा. एक मात्र कायम लक्षात ठेवा: डायरेक्ट कूलमधला बर्फ चाकूने किंवा सुरीने कधीही खरवडू नका. फ्रीजरची ती पातळ अॅल्युमिनियमची भिंत म्हणजेच कूलिंग कॉइल. टोक लागलं की गॅस गेला, आणि अशी छिद्रं बुजवून फार दिवस टिकत नाहीत. चांगला चाललेला फ्रीज एका दुपारी भंगारात जाण्याचं हे आपल्याकडचं एक नेहमीचं कारण आहे.

किती लिटरचा घ्यावा?

चौघांच्या घराला साधारण अडीचशे लिटर पुरतात. जाहिरातीत एकूण क्षमता मोठ्या अक्षरात असते, प्रत्यक्ष सामान मावेल ती निव्वळ क्षमता त्यापेक्षा कमी असते. ती बघून घ्या. वर्षातून दोनदा पाहुणे येतात म्हणून शंभर लिटर मोठा फ्रीज घेतला, तर उरलेले अकरा महिने रिकामी जागा थंड करण्याचे पैसे भरावे लागतात.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचं एवढं कौतुक कशासाठी?

साधा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण जोरात चालतो किंवा बंद असतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, बहुतेक वेळ हळू फिरत राहतो. वीज कमी लागते, आवाज कमी होतो, आणि दर वेळी झटक्याने सुरू होण्याचा ताण पडत नाही. आज वरच्या स्टारचे फ्रॉस्ट फ्री फ्रीज बहुतेक असेच असतात.

याची दुसरी बाजू म्हणजे तो कॉम्प्रेसर चालवणारा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. विजेच्या झटक्याने, ओलाव्याने, कधी पालीने किंवा मुंग्यांनी तो जातो. साध्या फ्रीजमध्ये रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करणारा छोटा भाग, गेला तर गल्लीतला मेकॅनिक तासाभरात बदलून देतो. पीसीबीसाठी कंपनीची वाट बघावी लागते आणि बिल हजारांत येतं.

आणि हो, याचा घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी संबंध नाही. 'इन्व्हर्टर फ्रीज आहे, मग लाइट गेल्यावरही चालेल ना?' हा प्रश्न अजूनही दर दुकानात विचारला जातो.

फ्रीज किती वर्षं टिकतो?

साधारण दहा ते पंधरा वर्षं धरावीत. आजीच्या घरातला फ्रीज पंचवीस वर्षं चालला, हे खरं असतं. तो जाड पत्र्याचा होता, कॉम्प्रेसर दणकट होता, आत इलेक्ट्रॉनिक्स काहीच नव्हतं. पण तो वीजही तशीच खायचा. आणि त्याच काळातले जे फ्रीज लवकर मेले, त्यांची आठवण आता कुणी काढत नाही.

आयुष्य ठरतं कशावर? कॉम्प्रेसर सोडूनच बोलू, कारण बहुतेक फ्रीज कॉम्प्रेसर जाऊन मरत नाहीत. फ्रॉस्ट फ्रीमध्ये आधी जातात ते डिफ्रॉस्टचे भाग: हीटर, बायमेटल (तापमानानुसार चालू-बंद होणारा छोटा स्विच), टायमर किंवा सेन्सर. लक्षण ठरलेलं असतं. वर फ्रीजर थंड, खाली दूध नासतं. आत कॉइलवर बर्फाची भिंत तयार झालेली असते आणि हवा खाली येत नाही. गॅस संपलाय असं सांगून कुणी गॅस भरायला निघाला, तर आधी मागचं पॅनल उघडून बर्फ बघायला सांगा. भाग स्वस्त असतो, निदान चुकलं की खर्च वाढतो.

दुसरं, दाराचं रबर. ते कडक झालं किंवा फाटलं की दमट हवा आत शिरते, कॉम्प्रेसर थांबत नाही, बिल वाढतं आणि सगळंच लवकर झिजतं. कागदाचा एक तुकडा दारात अडकवून ओढा. सहज निघाला तर तिथे फट आहे. रबर बदलणं हा फ्रीजवर करता येण्यासारखा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे.

तिसरं, उष्णता बाहेर पडायला जागा. पूर्वी मागे काळी जाळी दिसायची. आता बऱ्याच मॉडेलमध्ये उष्णता बाहेर टाकणारी ती नळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते, म्हणून बाजू हाताला गरम लागते. तो दोष नाही. पण त्या बाजूला धान्याची कोठी टेकवून ठेवली, किंवा सुताराने हौसेने फ्रीजच्या मापाची घट्ट चौकट करून दिली, की ती उष्णता कोंडते. दोन्ही बाजूंना आणि वर निदान काही बोटं जागा, मागे हातभर नको पण वीतभर सोडावी. माहितीपुस्तिकेत अंतरं दिलेली असतात. किचनचं फर्निचर करण्याआधी ती सुताराला दाखवा.

ही लपलेली नळी गळली तर दुरुस्ती कठीण असते. फोममध्ये हात घालता येत नाही, मग मेकॅनिक मागे बाहेरून नवी जाळी बसवून देतो. चालतं, पण शोभा जाते.

कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी आहे. मग दहा वर्षं निर्धास्त?

अजिबात नाही. संपूर्ण फ्रीजवर वॉरंटी बहुतेक वेळा एकच वर्ष असते. दहा वर्षं म्हणतात ती फक्त कॉम्प्रेसर या भागावर. तो खरंच गेला तरी गॅस भरणं, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च बऱ्याचदा ग्राहकाच्या माथी असतो. पीसीबी, रबर, पंखा, हीटर हे त्यात येत नाहीत. वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरं दुकानातच वाचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या गावात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का ते विचारा. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी तर मेकॅनिकलाच विचारावं, 'कुठल्या कंपनीचे सुटे भाग लगेच मिळतात?' त्याचं उत्तर वॉरंटीच्या वर्षांपेक्षा जास्त कामाचं असतं. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती एकत्र मिळते.

आम्ही रत्नागिरीला, समुद्राजवळ राहतो. काही वेगळं बघायचं?

खारी हवा पत्रा आणि नळ्या खाते. खालचा पत्रा आणि मागची जोडणी आधी गंजते, मग गॅसची बारीक गळती सुरू होते. स्टँडवर ठेवलात तर फरशी पुसतानाचं पाणी खाली साचत नाही. खिडकीसमोर, थेट वाऱ्यात ठेवू नका. मागे खाली पाण्याचा ट्रे असतो, तो अधूनमधून रिकामा करून पुसा. मुंबई, गोवा, मालवण सगळीकडे हेच लागू.

नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात फ्रीज तग धरतो का?

फ्रीजच्या आत किंवा मागे एक पाटी असते, तिच्यावर हवामान वर्ग लिहिलेला असतो. 'एन' म्हणजे १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी, 'एसटी' ३८ अंशांपर्यंत, 'टी' ४३ अंशांपर्यंत. विदर्भात 'टी' वर्गाचाच घ्या. मे महिन्यात बाहेर ४५ असलं तरी कूलरच्या खोलीत तापमान त्याखाली असतं. पत्र्याच्या छताखालच्या स्वयंपाकघरात मात्र नसतं. तिथे फ्रीज दिवसभर थांबतच नाही. दुपारी पाण्याच्या दहा-बारा बाटल्या एकदम घालण्यापेक्षा रात्री घाला आणि माठ भरलेला ठेवा.

उलट अडचण निफाडसारख्या ठिकाणी कडाक्याच्या थंडीत येते. एकाच थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या एकाच स्विचवर, चालणाऱ्या डबल डोअरला खालचा कप्पा आपोआपच थंड वाटतो, कॉम्प्रेसर कमी चालतो, आणि फ्रीजरमधलं आइस्क्रीम मऊ पडतं. फ्रीज बिघडला असं समजून मेकॅनिकला बोलावण्याआधी खोलीचं तापमान बघा.

स्टॅबिलायझर लागतो का?

नव्या फ्रीजवर 'स्टॅबिलायझरशिवाय चालतो' असं लिहून किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत तेही दिलेलं असतं. शहरात पुरतं. शेतीपंप सुरू झाले की दिवे मंद होणाऱ्या गावात मात्र स्टॅबिलायझर लावावा, पीसीबीपेक्षा तो स्वस्त आहे. साधा कॉम्प्रेसर असेल आणि लाइट सारखी ये-जा करत असेल, तर बंद पडल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबूनच पुन्हा चालू करावा. आतला दाब समान झाल्याशिवाय तो नीट सुरू होत नाही. ही वाट बघण्याचं काम चांगला स्टॅबिलायझर स्वतःच करतो.

गॅस कोणता आहे याने फरक पडतो का?

नव्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. जुन्यांत आर-१३४ए. हवामानाला तापवण्याची १३४एची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींच्या आसपास, ६००एची अगदीच नगण्य. ६००ए ज्वलनशील आहे, पण फ्रीजमध्ये तो बहुधा शंभर ग्रॅमच्याही आतच असतो, त्यामुळे वापरताना भीती नाही. दुरुस्ती करताना मात्र काळजी हवी: हा गॅस हाताळायला शिकलेलाच माणूस बोलवा, आणि एकाच्या जागी दुसरा गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

रात्री फ्रीज बंद ठेवला तर वीज वाचते का?

नगण्य. रात्री आत आलेली उष्णता सकाळी बाहेर काढावीच लागते, आणि मधल्या वेळात दूध-भाजी खराब होते ती वेगळीच. खालच्या कप्प्यात ४ अंश, फ्रीजरमध्ये उणे १८ पुरे. तापमानाच्या साध्या फिरकीवर आकडा मोठा म्हणजे जास्त थंड; वर्षभर पाचवर ठेवलेली फिरकी हिवाळ्यात दोन-तीनवर आणणं हा खरा उपाय.

जुना फ्रीज चालू आहे. बदलावा का?

आधी मोजा. प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमापक मिळतो, तो चोवीस तास लावून ठेवा. दिवसाला १.८ युनिट आले तर वर्षाला ६५७. नव्याचं लेबल २०० म्हणत असेल तर साडेचारशे युनिटचा फरक, म्हणजे १२ रुपयांच्या दराने वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास. मग दुरुस्तीवर पैसे घालू नका. दिवसाला पाऊण युनिट आला तर रबर बदला आणि निवांत वापरा.

मुलगी जर्मनीत असते. तिथल्या लेबलवर ए-बी-सी अक्षरं आहेत, ती कशी वाचायची?

मार्च २०२१ पासून तिथे ए ते जी अशी नवी पट्टी आली. जुने 'ए प्लस प्लस प्लस' वगैरे गेले, आणि त्या वेळचे कित्येक फ्रीज एका रात्रीत डी-ई मध्ये जाऊन बसले. तेव्हा ई बघून घाबरायचं कारण नाही, तिथेही वर्षाचे युनिटच वाचायचे. एक गोष्ट हेवा वाटावी अशी आहे: युरोपीय संघाच्या नियमाने मॉडेलची विक्री थांबल्यावरही थर्मोस्टॅट, सेन्सर, पीसीबी सात वर्षं आणि दाराचं रबर दहा वर्षं मिळत राहिलं पाहिजे.

नवा आला. जुन्याचं काय करायचं?

गॅलरीत 'कोल्ड्रिंकसाठी' चालू ठेवू नका. नव्याने वाचवलेली सगळी वीज तो खाऊन टाकतो. चांगला असेल तर गरजू घराला द्या, त्याआधी वर सांगितल्याप्रमाणे मोजून, म्हणजे त्यांच्या बिलावर बोजा पडणार नाही. मोडीत द्यायचा असेल तर एक्स्चेंजमध्ये किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार फ्रीजच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. दारावरच्या भंगारवाल्याला दिला तर तो तांब्यासाठी पहिल्यांदा नळी कापतो आणि सगळा गॅस हवेत जातो. आणि ज्या मार्गाने द्याल त्याने द्या, पण तो घराबाहेर किंवा जिन्यात पडून राहणार असेल तर दार काढून ठेवा. जुन्या फ्रीजची कडी आतून उघडत नाही, आणि लपाछपी खेळणारी मुलं सगळ्या सोसायट्यांत असतात.